पूर्णेकाठची पुंगी

मित्रांनो, वयानं मी काही फार जुनी नाही. पण सरकारी वस्तूचं वय कुत्र्याच्या वयासारखं मोजायचं असतं. उद्घाटनाच्या दिवशी ती तरणी असते, एका पावसाळ्यात तिला गंज धरतो, आणि त्यानंतर लोक ती समोर उभी असतानाच तिच्याविषयी ‘चांगली होती बिचारी’ असं बोलू लागतात. त्या हिशेबानं मी आता म्हातारी झाले आहे. म्हाताऱ्यांना असते तशी आपली गोष्ट सांगायची हौस मलाही आहे.

मी जाफराबादच्या अलीकडे, पूर्णा नदीच्या काठावर उभी आहे. माझं कागदावरचं नाव ‘जलनाद : एक संवादी शिल्प’. संवादी म्हणजे काय, ते उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी भाषणात समजावून सांगितलं. “नुसतं बघायचं नाही, हातही लावायचा.” गावाला नवल वाटलं. तोवर गावात आलेल्या प्रत्येक सरकारी वस्तूवर ‘हात लावू नये’ असंच लिहिलेलं असायचं.

माझा जन्म जालन्याचा. तिथं लोखंडाला तोटा नाही. माझ्याबरोबर भट्टीतून निघालेली भावंडं सळया झाली आणि कुठल्या कुठल्या इमारतींच्या पिलरमध्ये जाऊन बसली. ती कोणाला दिसत नाहीत, पण त्यांच्या जिवावर लोकांच्या डोक्यावर छप्पर आहे. मला मात्र वाकवलं, जोडलं, घासूनपुसून चमकवलं आणि मी कला झाले. मी सगळ्यांना दिसते. माझ्या डोक्यावर छप्पर नाही आणि माझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या डोक्यावरही नाही.

मला घडवलं अर्पिता नावाच्या शिल्पकार मुलीनं. ती पुण्याची. मनानं फार चांगली. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते तिच्या चांगल्या मनामुळे झालं. वाईट मनाच्या माणसांनी आमचं काही बिघडवलं नाही. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

माझी रचना अशी. डोक्यावर पाण्याची टाकी. टाकीखाली लांब-आखूड नळ्यांचा झुबका. समोर एक दांडा, हापशाला असतो तसा. पाहुण्यानं दांडा दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांमधून खाली उतरायचं आणि प्रत्येक नळी आपापल्या सुरात वाजायची. खाली पडलेलं पाणी घाटाच्या भिंतीतल्या मोरीतून परत नदीत. नदीच्या डोहात मोटर होती, ती टाकी भरायची. नदीचं पाणी नदीलाच, मधे थोडं गाणं. अर्पितानं हे सांगितलं तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं होतं.

गावानं मात्र माझा पहिला सूर ऐकला आणि तिथल्या तिथं माझं बारसं उरकलं. गर्दीत केशरबाई नावाची बाई होती. ती शेजारणीला म्हणाली, “आगं, ही तं पुंगी हाय! गाजराची पुंगी. वाजली तं वाजली, न्हाई तं मोडून खाल्ली.”

“हिला मोडून बी खाता येणार न्हाई,” शेजारीण म्हणाली. “लोखंडाची हाय.”

ही शेजारीण म्हणजे गिरिजाबाई. हे नाव लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत माझ्यापेक्षा तीच जास्त आहे.

तेव्हापासून मी पुंगी. शिल्प असते तर ‘ते’ राहिले असते. गावानं पुंगी केलं म्हणून ‘ती’ झाले. आणि एकदा बाईमाणूस झाल्यावर पाण्याची काळजी चुकते थोडीच?

आमची पूर्णा नकाशात बारा महिने निळी आहे. नकाशा छापणाऱ्यानं शाईला हात आखडला नाही. प्रत्यक्षात दिवाळी झाली की ती पातळ होते, संक्रांतीला तिचे तुकडे पडतात आणि होळीला वाळू उरते. वाळूही फार दिवस राहत नाही. ती ट्रॅक्टरमध्ये बसून माझ्या पिलरमधल्या भावंडांकडे निघून जाते. अशाच एका फाल्गुनात डोह आटला, मोटर हवा ओढून ओढून जळाली, ती पुढं कोणी दुरुस्त केली नाही, आणि मी मुकी झाले.

नेमकं त्याच आठवड्यात वरून कोणी मोठे पाहुणे मला बघायला यायचे ठरले. ज्याच्या ताब्यात मी होते त्या कार्यालयात धावपळ उडाली. कोणतं कार्यालय, ते विचारू नका. काही बिघडलं की ते कार्यालय आपलं नाव स्वतःहून कधी सांगत नाही. मुकं शिल्प पाहुण्यांना दाखवायचं कसं? साहेबांनी तोड काढली. टँकर मागवला. माझी टाकी काठोकाठ भरली. पाहुण्यांनी दांडा दाबला, मी गायले, फोटो निघाले, आणि मोरीतून पाणी वाळूवर सांडलं.

आता मित्रांनो, माझ्या शेजाराची ओळख करून देते. मला लागून चढावर बौद्धवस्ती आहे. विहारावरचा झेंडा माझ्या टाकीवरून दिसतो. वस्तीतला हापसा कोरडा आहे. नळाची लाइन आली, तोट्या बसल्या, फक्त पाणी यायचं राहिलं. पाण्यासाठी बायका गायरानापलीकडच्या विहिरीवर जातात. वाट उतरणीची, दगडांची, आणि परतताना तीच चढणीची. वस्तीनं कितीदा टँकर मागितला. उत्तर ठरलेलं, ‘सदर वस्ती नदीकाठी असल्याने टँकर अनुज्ञेय नाही.’ हा शब्द वस्तीत लहान लेकरांनाही येतो. एखादं पोर दुसऱ्यांदा गूळ मागायला लागलं की आई म्हणते, “अनुज्ञेय न्हाई.”

म्हणजे नदीकाठच्या माणसाला टँकर नव्हता. नदीकाठच्या शिल्पाला होता, देखभाल म्हणून.

त्या दिवशी पाहुणे गेले आणि गिरिजाबाई मोरीशी आली. वाळू अजून ओली होती. तिनं ओल्या वाळूवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला आजवर पुष्कळ जाणकारांनी पाहिलं आहे. इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिलेलं नाही.

गिरिजाबाईला एकच मुलगा, भारत. बदनापूरला बियाण्याच्या गोदामात कामाला. रविवारी यायचा. सून संध्या, बी.ए. झालेली, पुढच्या दिवाळीला तिला दिवस गेलेले. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी विहिरीच्या चढणीवरच ती हंड्यासकट खाली बसली होती. पुढचं वस्तीत कोणी बोलत नाही, मीही बोलत नाही. दिवाळीनंतर एका रविवारी संध्याकाळी तिघं माझ्या पायरीवर येऊन बसली.

“माय, मी हिला घेऊन जातो,” भारत म्हणाला. “बदनापूरला खोली पाहेली. नळ हाय. दिवसाआड येतो, पन येतो.”

“अन् मी?”

“तू बी चाल.”

“एका खोलीत? बाळंतिणीच्या उशाला माझी वाकळ?” गिरिजाबाई म्हणाली. “अन् इथं कुलूप लावू? पल्याडच्या घरांची कुलपं पाह्यली का? पोरं गेले, कुलपं लटकले, भिंती बसल्या. हे घर तुह्या बापानं एक एक दगड वाहून बांधलं रे.”

“मामी, मला बी न्हाई जायचं,” संध्या म्हणाली. “पन हंडा उचलला की पोटात ओढ बसती. मला भेव वाटतं.”

“तुला कोन म्हन्तंय उचल म्हनून?”

“मंग तुम्ही एकल्या किती आनताल? गुडघा धरून चालता तुम्ही.”

शेवटी भारत उठला. “माय, हे पाह्य. बाळंतपणापर्यंत पाणी वस्तीत येत राह्यलं, तं ही इथंच राहील. न्हाई तं मी जीप घेऊन येतो. मंग मला अडवू नको.”

“येईल पाणी,” गिरिजाबाई म्हणाली. “पाहुणे आले की येतं ना? मंग पाहुणे आनू.”

“कसले पाहुणे?”

तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. “हिचे.”

मित्रांनो, त्यानंतरचे महिने हा माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ. संध्यानं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, ‘पूर्णेच्या काठावर गाणारं लोखंड. एकदा तरी अनुभवा.’ तो कुठं कुठं पोचला. मग तिनं फोन लावले. कॉलेजांना लावले, महिला मंडळांना लावले, निवृत्त शिक्षकांच्या संघाला लावले. कोणी येतो म्हटलं की ती कार्यालयाला कळवायची, ‘मान्यवर भेट देत आहेत.’ मान्यवर म्हटलं की साहेबांना भीती वाटायची, आणि साहेबांना भीती वाटली की टँकर यायचा.

टँकरवर ख्वाजामियाँ होता. पिकलेली दाढी, गळ्यात रुमाल, तोंडात सुपारी. त्याला दुसऱ्याच खेपेला सगळं समजलं होतं.

“गिरिजाआपा, आज कोन येऊन राह्यलं?”

“जालन्याचे कवी येऊन राह्यले, भाऊ. मंडळच्या मंडळ.”

“कवी? मंग टाकी बिलकुल फुल्ल करतो. ते लोक जल्दी उठत न्हाईत.”

एक अडचण होती. एकदा साहेबांनी मोरीशी हंडा पाहिला आणि ते संतापले. “शिल्पाचं पाणी भरायचं नाही. हा सार्वजनिक कलेचा गैरवापर आहे. पुन्हा दिसलं तर टँकर बंद.” तेव्हापासून सगळं भिंतीआड चालायचं. वर दांड्याशी पाहुणे, खाली भिंतीच्या आडोशाला केशरबाई आणि बाकीच्या बाया, हंडे-कळश्यांची रांग लावून, तोंडातून शब्द न काढता. आणि मधे गिरिजाबाई, माझी मार्गदर्शक. कोणी नेमलेली नव्हती. तिनंच पदर खोचून ते पद घेतलं होतं.

“सर, अजून एकदा दाबा.”

“झालं की हो, मावशी. ऐकलं,” प्राध्यापक घाम पुसत म्हणायचे.

“नुसतं ऐकलं, सर. अनुभूती कुठं घेतली?”

हा शब्द तिनं साहेबांच्या भाषणातून उचलला होता आणि साहेबांपेक्षा चांगला वापरत होती. प्राध्यापक ओशाळून पुन्हा दाबायचे.

“खालचा सूर लागला न्हाई बराबर,” ती मोठ्यानं म्हणायची. याचा अर्थ, खाली अजून हंडे रिकामे आहेत. आणि “आता समाधान झालं” म्हटलं की सगळे भरले. पाहुण्यांना वाटायचं, ही अशिक्षित बाई सुरांविषयी किती हळवी आहे! एका मॅडमनं तर तिचा हात हातात घेऊन विचारलं, “मावशी, तुम्हाला संगीताची आवड कधीपासून?”

“मागल्या उन्हाळ्यापसून,” गिरिजाबाई म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

‘पुंगी वाजली’ हा वस्तीत परवलीचा शब्द झाला. पुंगी वाजली की दोन दिवस कोणी गायरानाकडे जायचं नाही. संध्या अंगणात बसून निवांत अंघोळ करायची. तिचे पाय सुजलेले होते, पण तोंडावर तेज आलं होतं. सातवा महिना लागला, आठवा लागला. भारत रविवारी यायचा, रांजणात डोकावायचा आणि काही न बोलता जेवायला बसायचा. खोलीचा विषय त्यानं काढला नाही. केशरबाई माझ्या दांड्याला तेल लावून जायची आणि म्हणायची, “वाज गं माय, अशीच वाज.” मित्रांनो, जगात इतक्या कलाकृती आहेत. आपण नसतो तर आज कोणाचा तरी रांजण कोरडा राहिला असता, असं त्यांतल्या किती जणींना म्हणता येईल? मला म्हणता येत होतं.

आणि मग अर्पिता आली.

तिनं संध्याचा व्हिडिओ पाहिला होता. आपलं शिल्प लोकांनी इतकं आपलंसं केलं, हे बघायला ती पुण्याहून मुद्दाम आली, आदल्या दिवशी कार्यालयाला कळवून. त्यामुळे टँकरही आला. ती जीपमधून उतरली तेव्हा ख्वाजामियाँ माझ्या टाकीत पाइप सोडून उभा होता.

ती थबकली. “काका, हे काय? मोटर?”

“मोटर जळून गेली, मॅडम. साल झालं.”

“मग रोज टँकर येतो?”

“रोज कुठं? पाहुने येतेत तेव्हाच.”

“आणि हे पाणी कुठून आणता?”

“धरणावरून. प्यायचं पानी हाय, मॅडम, एकदम साफ. तुमच्या पुंगीला खराब पानी न्हाई पाजत आपुन.”

तो बिचारा तिला खूश करायला बोलला. अर्पिताचा चेहरा उतरला. ती दांड्याशी आली. गिरिजाबाई तिथं होतीच.

“दाबा, ताई. तुमचंच हाय.”

अर्पितानं दांडा दाबला. मी गायले. मला घडवणारा हात होता तो, मी जिवापाड गायले. पण तिचं लक्ष नळ्यांकडे नव्हतंच. ती खाली पडणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

“मावशी, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा की.”

“वाजून झालं की हे पाणी जातं कुठं?”

त्याच क्षणी भिंतीआड केशरबाईचा हंडा दगडावर आपटला. ठण्ण.

“हे काय वाजलं?”

“पुंगीचीच नळी हाय एक,” गिरिजाबाई म्हणाली. “सैल झाली.”

“मावशी, पाणी कुठं जातं?”

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर! मी ओरडून सांगितलं असतं, अर्पिता, चार पावलं पुढं ये आणि भिंतीखाली वाकून बघ. पण मी संवादी शिल्प. मला बोलता येत नाही.

गिरिजाबाईनं अर्पिताकडे पाहिलं. स्वच्छ कपडे, गळ्यात कार्यालयानं दिलेलं ओळखपत्र, मागं जीप, जीपशेजारी साहेबांचा माणूस. खरं सांगितलं तर गैरवापर. गैरवापर झाला तर टँकर बंद. टँकर बंद झाला तर संध्या जाणार. हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एका ओळीत सरकून गेलं, आणि ती म्हणाली,

“नदीत जातं, ताई. नदीचं नदीला. एक थेंब बी कोन उचलीत न्हाई.”

“सगळं? वाळूत?”

“सगळं.”

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. गिरिजाबाईला वाटलं, पोरीला आनंद झाला. तिनं लगेच म्हटलं, “दाबा ना अजून. खालचा सूर राह्यला.”

अर्पितानं दांड्याला पुन्हा हात लावला नाही.

महिन्याभरात माणसं आली. त्यांनी माझी टाकी उतरवली, मोरी सिमेंटनं बुजवली, दांडा कापून नेला. माथ्यावर सोलर पॅनेल बसवलं, नळ्यांच्या पोटात स्पीकर बसवले. दोन बाजूंना दोन डोळे लावले. त्यांना सेन्सर म्हणतात. कोणीही पलीकडच्या वाटेवरून जरी गेलं, तरी मी आपोआप वाजते. नळ्यांचे सूर तर वाजतातच, पण त्याआधी वाहत्या पाण्याचा खळखळाट येतो. तो आवाज कोकणातल्या कुठल्याशा नदीचा आहे. पूर्णेचा नमुना घ्यायला त्या वेळी पूर्णेत पाणी नव्हतं. माझ्या पायाशी नवी पाटी आली, ‘या शिल्पासाठी आता पाण्याचा एकही थेंब वाया जात नाही.’ दुष्काळी भागात कलेसाठी पाणी उधळणं अर्पिताच्या मनाला लागलं होतं. तिनं पदरमोड करून, कार्यालयात हेलपाटे घालून हे सगळं केलं. साहेबांना जलबचतीबद्दल शाल मिळाली.

ज्या दिवशी जोडणी पूर्ण झाली त्या दिवशी दुपारी एक शेळी माझ्यासमोरून गेली. मी वाजले. कोकणातली भरलेली नदी पूर्णेच्या कोरड्या पात्रात घुमली.

“पुंगी वाजली! पुंगी वाजली!”

ती माणसं नवी मोटर बसवून गेली असं धरून सगळी वस्ती हंडे घेऊन उतारावरून धावत आली. हंड्यांचा तो आवाज मी विसरणार नाही. केशरबाई सगळ्यांत पुढं. संध्याही उंबऱ्याबाहेर आली होती, एक लहान कळशी कमरेला लावून. गिरिजाबाई मागं वळून ओरडली, “तू बैस गं, पोरी! आज लई मोठं वाजून राह्यलं, सगळ्यांना पुरतं!”

बायका भिंतीखाली जाऊन उभ्या राहिल्या. खळखळाट चालूच होता. केशरबाईनं बुजवलेल्या मोरीवर हात फिरवला. मग कान लावला. मग हळूच विचारलं, “आवाज येऊन राह्यला ना, गिरिजा? का मलाच येतो?”

“सगळ्यांना येतो,” गिरिजाबाई म्हणाली.

शेळी निघून गेली. थोड्या वेळानं मी थांबले.

त्या संध्याकाळी संध्यानं अर्पिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मोरी, भिंत, हंडे, तो खोटा सूर, सगळं. ती माझ्या पायरीवर बसली होती आणि फोन सगळ्यांना ऐकू यावा असा ठेवला होता, म्हणून मला कळलं. पलीकडे अर्पिता रडायला लागली. खरंखुरं रडली. “मला का नाही सांगितलंत? मी एकदा विचारलं होतं ना मावशींना? मी दोनदा विचारलं होतं!”

“विचारलं होतं, ताई,” गिरिजाबाई फोनकडे वाकून म्हणाली. “तुमची काही चूक न्हाई. आता रडू नका. पाणी जातं.”

अर्पितानं कार्यालयाला पुन्हा सांगून पाहिलं. आठवडाभर ती रोज फोन करायची आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा हळू आवाजात बोलायची. शिल्पाला आता पाणी लागत नाही, असं तिनंच लिहून दिलेलं होतं. त्यामुळे शिल्पाचा टँकर संपला. आणि वस्तीचा? वस्ती नदीकाठी होती. मग तिचे फोन थांबले. मला तिचा राग नाही. माणूस किती दिवस लाजत राहणार?

गिरिजाबाई एकटी विहिरीवर जाऊ लागली. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. गुडघ्याला फडकं बांधून. एका सकाळी ती परतली तर संध्या अर्ध्या वाटेपर्यंत सामोरी आलेली. तिनं सासूच्या डोक्यावरचा हंडा घ्यायला हात वर केला आणि हात तसाच ठेवून खाली बसली. या वेळी काही झालं नाही. नुसती कळ आली आणि गेली. पण दुसऱ्या दिवशी रविवार नसतानाही भारत जीप घेऊन आला.

गिरिजाबाईनं त्याला अडवलं नाही. शब्द दिला होता.

“मामी, चला ना,” संध्या जीपमध्ये बसल्यावरही म्हणत होती. “कुलूप लावा अन् चला.”

“मी आल्यावर कुलूपच ऱ्हाईल गं. तू जाय. सुटका झाली की फोन कर.” तिनं सुनेच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. “नळ आला की आधी रांजण भरून घेत जाय. दिवसाआड म्हंजी दिवसाआडच येईल, असं धरून चालू नको.”

जीप माझ्यासमोरून गेली. मी वाजले. मला थांबता येत नाही, मित्रांनो. धूळ खाली बसली तरी मी खळखळतच होते, आणि गिरिजाबाई वाटेवर उभी होती.

संध्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, नाव मोनाली ठेवलंय. एवढी एक चांगली बातमी आहे, ती मी लपवून ठेवणार नाही. गिरिजाबाईनं नातीला फोनवर पाहिलं आहे. ते इकडे परत येतील, असं आता कोणी म्हणत नाही, गिरिजाबाईसुद्धा. केशरबाईही पावसाळ्याआधी लेकीकडे टेंभुर्णीला गेली. तिच्या दारालाही कुलूप लागलं.

गिरिजाबाई मात्र अजून विहिरीवर जाते. विहिरीची वाट माझ्या शेजारून आहे. पहिले काही दिवस ती जवळून जायची आणि मी वाजायचे. डोक्यावर भरलेला हंडा, पायांत गोळे आलेले, आणि कानात कोकणातली दुथडी नदी. तिनं एकदाही माझ्याकडे रागानं बघितलं नाही. एक दिवस थांबली फक्त, आणि म्हणाली, “बास कर गं, बाई.” दुसऱ्या दिवसापासून तिनं वाट बदलली. आता ती खालच्या नाल्याला वळसा घालून जाते. ती वाट लांब आहे आणि चढही जास्त आहे. पण तिथून माझ्या डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून मी वाजत नाही. मला चुकवण्यासाठी ती रोज तेवढं जास्त ओझं वाहते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुम्हाला विनंती करतात की आमची निगा राखा, आम्हाला जपा. माझीही विनंती आहे. माझ्या माथ्यावरच्या पॅनेलवर धूळ साचते. ती पुरेशी साचली की वीज तयार होत नाही, स्पीकर बंद पडतो, डोळे मिटतात. दोनदा तशी वेळ जवळ आली होती. आवाज घोगरा झाला होता, मी मनात मोजत होते की आता उद्या किंवा परवा, आणि मग गिरिजाबाईला जवळच्या वाटेनं जाता येईल. पण दर महिन्याला कॉलेजच्या श्रमदानाची मुलंमुली येतात. शिडी लावतात, ओलं फडकं घेऊन पॅनेल लख्ख पुसतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि जातात. फडकं ओलं करायला पाणी बाटलीत घरून आणतात.

फार गुणी मुलं आहेत. तुम्हीही तशीच असाल. म्हणून हात जोडून सांगते, मला पुसू नका.